तीनमापे सुतार

"फादर, तुम्ही आत बसा, मी गुडघे टेकून बघतो. फळी डुगडुगली तर काढून पुन्हा बसवतो," सुतार म्हणाला.

चर्चच्या कोपऱ्यात पापनिवेदनाची लाकडी खोली होती. मध्ये जाळी, अलीकडे गुडघे टेकायची फळी. जुनी मोडली म्हणून त्यानं नवी बसवली होती, अर्थात तीनदा मापून. या सवयीपायी लोक त्याला तीनमापे म्हणत. हा गडी चहात साखर घालतानाही टेप काढेल, अशी चेष्टा चाले आणि तोही हसे. सवय कशी लागली, ते मात्र त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

फळी काही डुगडुगली नाही, पण सुतार उठेचना. झालं का काम, असं फादरांनी जाळीपलीकडून विचारलं.

"फळीचं झालं, फादर. माझं राहिलंय. पस्तीस वर्षं झाली."

सुतार आणि त्याचा धाकटा भाऊ तेव्हा बाबांच्या हाताखाली सुतारकाम शिकत होते. चर्चच्या वेदीसाठी आणलेली सागवानी फळी यानं न मापता, अंदाजानं कापली आणि ती वीतभर आखूड पडली. बाबांचा संताप बघून याची पाचावर धारण बसली आणि याच्या तोंडून निघून गेलं, की धाकट्यानं कापली. धाकटा सतरा वर्षांचा. तो रडून रडून सांगत राहिला, पण थोरल्याच्या शब्दापुढे त्याचं ऐकतो कोण? बाबांनी त्याच्या हातातली करवत काढून घेतली ती कायमचीच. ज्याच्या हातात खरं कसब, तो जन्मभर बस चालवत राहिला. बाबांनी आखूड फळीला जोड दिला आणि तीच वेदीला बसवली. दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे गेलं की सुताराची नजर नेमकी त्या जोडावर पडे. पापनिवेदनात बारीकसारीक सगळं सांगून होई, एवढं सोडून.

फादरांनी शांतपणे ऐकलं, पापक्षमेची प्रार्थना म्हटली आणि म्हणाले, "देवानं तुम्हाला क्षमा केली. आता भावाकडे जा. आजच जा, नाहीतर उद्यापासून पुन्हा मापत बसाल."

हत्यारं तिथंच टाकून सुतार निघाला. पंचावन्नाव्या वर्षी पाठच्या भावापुढे मान खाली घालायची म्हणजे खायचं काम नाही. भावजयीनं पाणी दिलं, ते त्यानं बाजूला ठेवलं. त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

धाकट्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"दादा, बाबा जाताना मी उशाशी होतो. तेव्हाही ते मला म्हणाले, तू खोटं बोललास. आता त्यांना कोण सांगणार?"

धाकट्यानं त्याला जायला सांगितलं आणि तो उठला.

रविवारी मिस्सेची उपासना संपली, लोक उठू लागले, तसा सुतार वेदीपाशी गेला. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जोडावर बोट ठेवून तो सगळ्यांसमोर म्हणाला, की ही फळी मी कापली होती, माझ्या भावानं नाही; मी बाबांशी खोटं बोललो. शेवटच्या बाकावर बसलेला धाकटा उठून बाहेर पडला.

दोन आठवडे गेले. मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटा सुताराच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"माफ केलं तुला, दादा. राग आहे अजून. तो जाईल सावकाश."

सुताराचे डोळे भरून आले. धाकटा आत आला, लहानपणी काढायचा तशी त्यानं थोरल्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि कामाच्या बाकावरच्या फळीचं कुठं काय कापायचंय ते विचारून घेतलं. टेप लावून त्यानं एक रेघ ओढली. सुतारानं सवयीनं टेप उचलला.

"माप की," धाकटा म्हणाला.

"कशाला? तू मापलंस ना."

सुतारानं टेप खाली ठेवला आणि करवत भावाच्या हातात दिली. मग बाबा धरायचे तसं, त्यानं फळीचं दुसरं टोक धरलं.