कादंबरीतला बाप

“एक नंबरचा रडका आहे तो!” आमचं कन्यारत्न म्हणालं आणि ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

‘तो’ म्हणजे ह्यांच्या लाडक्या कादंबरीचा नायक. जगाचा अर्थ शोधायला सोळाव्या वर्षी घर सोडून निघालेला मुलगा. ह्यांनी ती कादंबरी त्याच वयात वाचली आणि तेव्हापासून दरवर्षी वाचतात. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करणारे. दिवसभर वर-खाली करून घरी आले, की पुस्तक उघडून बसतात. मग दूध उतू जाऊ दे नाही तर दारावर कुणी धडका मारू दे, हे ढिम्म!

यंदा तेच पुस्तक मुलीला कॉलेजात नेमलं. ह्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! कारण वर्षभर बापलेकीतलं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चार्जर कुठंय?’ लहानपणी ह्यांच्या खांद्यावरून न उतरणारी पोर आता ह्यांची चाहूल लागली, की खोलीचं दार लावून घ्यायची. हे वरवर हसायचे, पण आतून पार खचले होते. उद्या तिला वर्गात उभं राहून पुस्तकाबद्दल मत सांगायचं होतं. हे आठवडाभर माझ्याच मागे, “तू विचार ना, आवडलं का तिला?” शेवटी आज जेवताना विचारलं, तर हे उत्तर!

“रडका?” ह्यांचा आवाज चिरकला. “अगं, तो स्वतःला शोधतोय!”

“तीनशे पानं? एवढा वेळ तर आई किल्ल्यासुद्धा शोधत नाही.”

मला हसू फुटलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच फितूर झाले.

“घरात सगळं आयतं, बाबा. आई कपडे धुते, बहीण डबा भरते आणि हा खिडकीत बसून म्हणतो, मला कुणी समजून घेत नाही. आधी स्वतःचं ताट तरी उचल म्हणावं!”

मी मुद्दाम ह्यांच्या ताटाकडे बघितलं. ह्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

“तुला काही कळलेलं नाही. वरवर वाचलंयस तू.”

“दोनदा वाचलंय!”

“मग दोन्ही वेळा झोपेत वाचलं असशील!”

झालं, जुंपली दोघांची. शेजारीण दारातून डोकावून गेली. एरवी मी दोघांनाही दटावलं असतं, पण खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मुकी झालेली पोर बापाशी कडाकडा भांडत होती आणि कान लालबुंद झाले तरी हे काही जागचे उठत नव्हते.

“अगं, त्यात एक तरी माणूस आवडला का तुला?” हे शेवटी काकुळतीला आले.

“आवडला ना. त्याचा बाप.”

हे म्हणाले, “बाप? त्यात बाप कुठाय?”

“बाबा! दरवर्षी वाचता ना?”

“म्हणजे आहे गं... असेल. पण तो काही करत नाही.”

“करतो. तुम्ही वाचा.”

ती पुस्तक घेऊन आली. ह्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ‘बघूच या’ अशा तोऱ्यात मोठ्यानं वाचायला लागले. मुलगा बॅग उचलतो. बाप फाटकापर्यंत मागे मागे येतो. त्याला पुष्कळ बोलायचं असतं, पण तोंडून एवढंच निघतं, “स्वेटर घेतलास का?” मुलगा मनात म्हणतो, ह्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही, आणि चालू लागतो.

इतकी वर्षं त्या मुलाबरोबर हेही फाटकाबाहेर पडत आले होते. आज मात्र त्या स्वेटरपाशी आले आणि अडखळले. खाकरले, पुन्हा वाचायला गेले, पुन्हा तिथेच अडले.

पोरीनं खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली आणि पुस्तक हातातून घेतलं. “मी वाचते. तुम्ही ऐका.”

तिनं सावकाश वाचलं. मुलगा वळणावर दिसेनासा होतो. बाप फाटकाला कडी लावून घरात जातो. थोड्या वेळानं परत बाहेर येतो आणि ती कडी काढून ठेवतो.

“हे होतं ह्यात?” ह्यांनी हळूच विचारलं.

“होतं ना, बाबा,” ती म्हणाली आणि पान उलटलं.