गुलाबीत हिरवं

पार्वती तापाने फणफणली तेव्हा हणमंतरावांना काय करावं सुचेना. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेलेला हा माणूस. स्वयंपाकात चहापलीकडे गती नव्हती. पार्वती पानिपतहून चादरी आणून दिल्लीतल्या मराठी घरांत विकायची आणि त्यासाठी घेतलेली जुनी पिकअप स्वतः चालवायची. निदान तिच्या गाडीची तरी सेवा करू, म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट टाकीवरच्या खालच्या रेषेच्याही खाली गेलं होतं.

ते तडक करोल बागेत गेले. "कौन सा दूँ?" दुकानदाराने विचारलं.

"अच्छावाला," ते म्हणाले.

अच्छावालं हिरवं निघालं. टाकीतलं गुलाबी होतं, पण रंगाने काय होतंय म्हणून त्यांनी ते वरच्या रेषेपर्यंत भरलं आणि पार्वतीला काही बोलले नाहीत. आपण गुपचूप केलेल्या या कामाचा त्यांना भारी आनंद झाला होता.

पुढे एका शनिवारी दोघं पानिपतहून चादरी भरून परत येत होती. मुरथलच्या अलीकडे तापमानाचा काटा चढू लागला. पार्वतीने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. हणमंतराव लगबगीने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत होते, तो तिने मनगट धरलं.

"अहो, भाजाल. थंड होऊ दे आधी."

दोघं झाडाखाली बसली. बऱ्याच वेळाने तिने कापड धरून झाकण सैल केलं. आत चिखलासारखा तपकिरी लगदा साचला होता.

"यात कोणी काय ओतलं?"

"मी," हणमंतराव म्हणाले. "हिरवं. तू आजारी होतीस ना, तेव्हा."

पार्वतीला हसू आवरेना. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी बाजारात गेलात, आणि आणलंत काय, तर हे."

ट्रकवर लादूनच पिकअप घरी आली.

रविवारी सकाळी ते स्वतःहून बाह्या सरसावून खाली आले. इंजिन गार असताना पार्वतीने सगळं कूलंट टबात काढलं. "हे गोड असतं. कुत्र्यांनी चाटलं तर मरतील. झाकून ठेवा, गॅरेजवाल्याकडे देऊ." मग डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर लावून इंजिन चालवायचं, गार झालं की पुन्हा काढायचं. पाणी नितळ यायला दुपार कलली.

"मग रंग बघून घ्यायचंच नाही?"

"बिल्कुल नाही. कंपनीगणिक रंग बदलतो. आपल्या गाडीला कुठल्या प्रकारचं सांगितलंय ते बघायचं, आणि दोन प्रकार मिसळायचे नाहीत." बोलता बोलता तिचं बोट एका रबरी नळीवर थांबलं. "आणि कमी झालं की नुसतं भरायचं नाही. गेलं कुठे, ते शोधायचं. ही पट्टी ढिली आहे बघा, इथूनच गळत होतं."

हणमंतरावांनी पाना घेऊन ती आवळली. पार्वतीने हलवून पाहिली आणि मान डोलावली. तीस वर्षांत एवढं समाधान त्यांना कुठल्या बढतीने दिलं नव्हतं.

योग्य प्रकारचं नवं कूलंट भरल्यावर पुढच्या खेपेला काटा पानिपतपर्यंत मधोमध राहिला. हणमंतराव मात्र सारखे वाकून बघत होते. शेवटी पार्वतीने भाजलेल्या शेंगांची पुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "सोलून द्या मला. तेवढंच काम आहे आता."

त्यांनी एकेक दाणा सोलून तिच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली.