तिसांच्या सव्वीस पुड्या

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. धान्याचा नव्हे, औषधाचा. चिमूटभर भुकटी तोलणारा. साधी झुळूक लागली तरी माझे आकडे हलतात, म्हणून मला काचेच्या पेटीत ठेवत. आज जे सांगणार आहे ते सांगताना मान खाली जाते.

कारखान्यातून मी थेट एका रुग्णालयाच्या फार्मसीत आलो. लोकांना फार्मसीची खिडकी तेवढी दिसते. माझी जागा मागच्या खोलीत होती. तिथे पुडीताई काम करत. हे नाव त्यांना वॉर्डातल्या सिस्टरनी ठेवले होते. तान्ह्या बाळाला लागते तेवढी लहान गोळी मिळत नाही. म्हणून ताई मोठ्यांच्या गोळ्या खलात घोटत, त्यात साधी भुकटी मिसळत, माझ्यावर एकेक वाटा तोलत आणि कागदाच्या पुड्या बांधत.

रोज सकाळी त्या माझी तबकडी उचलून खाली कुंचला फिरवत आणि दहा ग्रॅमचा ठोकळा ठेवून मला तपासत. पाहुणे आले की फार्मसीचे साहेब माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणत, "हा आमचा हुकमी एक्का. आजवर कधी चुकला नाही!" मी फुगून जाई. मग रोजची तपासणी मला खुपू लागली. इतकी वर्षे इमानाने राबलो, तरी माझ्यावर संशय?

एकदा साहेबच म्हणाले, "अहो, रोज काय त्याची परीक्षा घेता? काटा आहे की नवा जावई? महिन्यातून एकदा बघा, बास." कामाचा डोंगर होताच. ताईंनी ऐकले; ठोकळा थांबला आणि कुंचलाही. मला कोण आनंद झाला!

सांडलेली भुकटी माझ्या तबकडीखाली साचत गेली, दमट हवेने घट्ट झाली आणि एका सकाळी तबकडी तिच्यावर टेकली. मी वजन कमी दाखवू लागलो. काहीतरी अडते आहे हे मला जाणवले होते, मित्रांनो. पण 'आपण कुठले चुकणार!' अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्याच सकाळी वॉर्डातून फोन आला. एका बाळाला हृदयाचे औषध तातडीने हवे होते. ताईंनी तीस पुड्यांची भुकटी तयार केली. पहिल्या दहा बांधून वर वॉर्डात पाठवल्या आणि उरलेल्या बांधायला घेतल्या. सव्विसावी पुडी झाली आणि खल रिकामा.

ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "साहेब, चार पुड्या कमी भरल्या. म्हणजे प्रत्येकीत औषध जास्त गेलंय."

"काटा चुकत नाही, बाई," साहेब सगळ्यांसमोर कडाडले. "तुमचा हात चुकला असेल!"

"हात चुकला असंच धरा. आधी त्या पुड्या परत आणते."

त्या धावत सुटल्या. वरची हकीकत मला नंतर सिस्टरच्या तोंडून कळली. एक पुडी बाळाच्या पोटात गेली होती. ताई बाळाच्या आईसमोर उभ्या राहिल्या. "औषध जास्त गेलंय. चूक आमची आहे," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. आई म्हणाली, "तुम्हीच असं केलंत तर आम्ही जायचं कुठे?" डॉक्टरांनी दिवसभर बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवले. संध्याकाळी सांगितले, बाळ सुखरूप आहे.

दरम्यान ताईंनी ठोकळा माझ्यावर ठेवला होता. मी दहाऐवजी पावणेनऊ ग्रॅम दाखवले. त्यांनी तबकडी उचलली, खालचा थर पाहिला आणि साहेबांना बोलावले. साहेब थर पाहून निघून गेले. वाटले, आता मला फेकतील. ताईंनी शांतपणे थर खरवडला आणि वहीत लिहिले: 'काटा साफ केला नव्हता, तपासला नव्हता. जबाबदारी माझी.' साहेबांचे नाव नाही, माझेही नाही. त्या ओळीखाली त्यांनी सही केली. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुठलेही यंत्र हाताळाल. त्याचे कौतुक जरूर करा, पण त्याला रोज पुसा आणि पारखा. ते कितीही जुने, कितीही नावाजलेले असले तरी. कारण आम्ही चुकलो तरी आम्हाला कोणी रागावत नाही. बोलणी बसतात ती आमच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाला.