हंड्यावरची पितळी

मुकुंदवाडीच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. त्या घरात गोकुळ राहायचा, त्याची बायको दीपमाला राहायची, त्यांची लेक राजनंदिनी राहायची. ओट्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा हंडा राहायचा. अन् त्या हंड्याच्या तोंडावर बारा वर्षं मी राहायचे.

मी एक पितळी बोलतेय. नावावर जाऊ नका, माझ्या अंगात पितळ औषधालाही नाही. मी चांगली जाड स्टीलची. पण आमच्याकडं उंच काठाच्या खोलगट ताटाला पितळीच म्हणतात. भाकर कुस्करावी, वरून वरण ओतावं, थेंब काठाबाहेर जाणार नाही अशी माझी घडण. म्हणजे मी जेवणासाठी जन्मले. झाकणासाठी नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. पत्र्याचा तुकडा होते, वरून दणका बसला अन् खोलगट झाले, एवढंच आठवतं. पुढचं सगळं मात्र लख्ख आठवतं. पिशोरच्या बाजारात भांड्याच्या दुकानात मी उभी होते अन् सरूबाई आली. लेकीचं लग्न ठरलेलं. तिनं मला उचललं, टिचकी मारली, आवाज कानाशी धरून ऐकला.

"ही द्या."

"जोडी घ्या की मावशी. जावयाला बी लागंल."

"जावयाला त्याची माय हाय. ही माझ्या लेकीची."

दुकानदारानं किरकिरणाऱ्या पेनानं माझ्यावर दीपमालेचं नाव घातलं. सरूबाईला वाचता येत नाही. तिनं त्याच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं, अन् दुसऱ्या वेळी एकेका अक्षरावर बोट ठेवलं.

लग्न झालं. गोकुळला वाळूजला कंपनीत काम होतं, म्हणून संसार शहरात मांडला. पहिल्याच दिवशी हंड्याचं झाकण सापडेना. दीपमाला म्हणाली, "तात्पुरती ही ठेवते," अन् मला हंड्यावर टेकवलं. त्या तात्पुरत्याला बारा वर्षं झाली.

हंड्यावरून घर चांगलं दिसतं. दीपमाला अंगणवाडीत सेविका. पहाटे उठायची, डबे करायची, राजनंदिनीची वेणी घालायची. स्वतः चहात एक टोस्ट बुडवायची, तोही निम्मा चहातच पडायचा. संध्याकाळी नवऱ्याला वाढायची, लेकीला वाढायची. मग ओट्याशी उभी राहून कढईतलं उरलेलं भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची. लेकीच्या ताटातलं उरलेलं खायची. एक घास तोंडात अन् डोळा दुधावर. त्यातच फोन वाजायचा, एखादी दोन जिवांची बाई असायची. दीपमाला तोंडातला घास गालात सारून तिला सांगायची, "ताई, दिवसातनं चार वेळा खायचं. बसून खायचं. तुमच्यात ताकद नसंल तर लेकरात कुठून येईल?"

मी हंड्यावरून ऐकायचे. स्टीलला लाज वाटत नाही म्हणतात. मला वाटायची.

मागच्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. जिना चढली की धाप लागायची. चेहरा पिवळा पडलेला. शेजारची सुलेखा म्हणाली, "वहिनी, अंगात घाण साठलीय तुमच्या. मी एक कोर्स करतेय. नऊ दिवस सकाळी दुधीचा रस, दिवसभर दुसरं काही नाही. आतून धुऊन निघतो माणूस."

"नऊ दिवस उपाशी राहून काम कसं करू ताई?"

"नवरात्राचे उपवास धरताच की तुम्ही. त्यातच उरकून घ्या."

सुलेखा वाईट बाई नाही. तीही चार घरचे कपडे शिवून, दोन पोरं सांभाळून जगणारी. तिला स्वतःला जे बरं वाटलं ते तिनं सांगितलं. अन् दीपमालेला ते पटलं, कारण त्यात वेळ लागत नव्हता. स्वयंपाक सगळ्यांचा करायचाच होता, फक्त स्वतःचा घास गाळायचा. त्यात ती तरबेज होती.

सहाव्या माळेला नळ आला. आमच्या शहरात नळ पाव्हण्यासारखा येतो, कधी आठ दिवसांनी, कधी दहा. आला की हातातलं टाकून त्याच्यामागं पळायचं. दीपमालेच्या पोटात सकाळचा रस अन् दोन कप चहा. ड्रम भरला, पत्र्याची टीप भरली, बादल्या वाहिल्या. मग हंडा भरायला तिनं मला उचललं अन् चक्कर येऊन माझ्यासकट खाली कोसळली.

मी फरशीवर पडले, काठावर उभी राहिले अन् गरगरत मोरीपर्यंत गेले. मुद्दाम जोरात वाजले. माझ्या हातात तेवढंच होतं. आवाजाला राजनंदिनी धावली, मग सुलेखा आली.

दवाखान्यातून आली तेव्हा दीपमाला भिंतीला टेकून बसली. रक्तातलं हिमोग्लोबिन साडेसात निघालं होतं. ते अकरा-बारा तरी पाहिजे. गोकुळ गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांत भरून निघंल. गोळी लिंबूपाण्यासंगं घ्यायची. जेवणावर चहा बंद. अन् उपाशी राहायचं नाय."

दीपमाला त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मी रोज लेकरं उचलून वजनकाट्यावर ठेवते. एखादं हातात असताना असं झालं असतं तर?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं लेकरू उचलणं सोडलं. लेकरं मदतनीस बाई उचलायची, दीपमाला नुसतं वजन लिहायची. घरी येऊन ती ते रोज सांगायची, अन् सांगताना स्वतःच्या हातांकडं बघायची. अंगणवाडीतली बाई अन् लेकरू उचलायची भीती. तिचं सगळं बळ त्या एका भीतीपाशी येऊन अडलं होतं.

मग पिशोरहून सरूबाई आली. गुडघे धरत जिना चढली, पिशवीतून जवस, तीळ, करडईची भाजी, गूळ काढला. सुलेखा लगेच भेटायला आली.

"आज्जी, वहिनींच्या अंगातली घाण निघत होती ना, त्यानं चक्कर आली असंल."

"बाई, मोरी तुंबली तर धुवावी," सरूबाई म्हणाली. "हिचं पोट कुठं तुंबलंय? रिकामं हाय. रिकामं भांडं किती घासशील?"

सुलेखाचा चेहरा पडला. सरूबाईनं तिला जवळ बसवलं. "तू सकाळी काय खातीस?"

"रस."

"अन् चार वाजता?"

सुलेखाच्या आधी राजनंदिनीच म्हणाली, "कचोरी. मला बी देतात."

सगळ्या हसल्या, सुलेखा सगळ्यात जास्त.

सरूबाईनं हंड्यावर मला बघितलं होतं. तिचा हात माझ्यावर येऊन थांबला, पण ती बोलली नाही. म्हातारी माणसं कधी बोलायचं ते जाणून असतात.

त्या संध्याकाळी दीपमालेनं सगळ्यांना वाढलं अन् नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिली. सरूबाई आपल्या ताटावरून उठली, तळहातावर भाकर घेतली, अन् लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"माय, बस की. गुडघे दुखतेत ना तुझे?"

"तू बस, मंग मी बसते."

"माझं दोन मिनिटांचं काम राहिलंय."

"राहू दे. मला कुठं घाई हाय? उभं बरं दिसतंय इथनं."

"मामी," गोकुळ खालून म्हणाला, "लोक म्हणतील सासूला जावयानं बसाया जागा दिली नाय."

"तुमी जेवा पाव्हणं. तुमाला कुणी उठवलं?"

गोकुळचा घास हातातच राहिला. बहुतेक त्यालाही पहिल्यांदाच दिसलं, की त्या घरात रोज कुणीतरी उभं असतं.

दुसऱ्या दिवशी तेच. सरूबाईचे गुडघे कटकट वाजायचे, मला हंड्यावर ऐकू यायचे. एक हात ओट्यावर टेकून ती जेवायची. दीपमाला चिडली, रडकुंडीला आली, "तू मला छळायला आलीस का?" म्हणाली. पण बसली नाही. बसणं म्हणजे तिला काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या संध्याकाळी राजनंदिनी आपलं ताट घेऊन उठली अन् ओट्याशी येऊन उभी राहिली. आईच्या उजव्या अंगाला.

"तू काय करतीस गं?" दीपमालेनं विचारलं.

"जेवते."

"खाली बसून जेव."

"असंच बरंय. मला बी कामं हायत."

दहा वर्षांची पोर. सरूबाईच्या हातातली भाकर थांबली.

"दीपे," ती म्हणाली, "तू अशीच उभी राहायचीस. हितंच, उजव्या अंगाला. पिशोरला घरात अकरा माणसं, मी परातीतलं खरवडून खायची, अन् तू माझ्या हातातलं खायचीस. मला वाटायचं लेक मायेला चिकटलीया. तू शिकत व्हतीस, अन् मला नाय कळलं. म्हणून तर ही पितळी घेतली तुझ्या लग्नात. पर बोलून दाखवलं नाय कधी. वाटलं, तुझं तुला कळंल."

दीपमालेनं गॅस बंद केला. लेकीकडं बघितलं. मग हंड्याकडं हात केला अन् मला उचललं. घासलं, पुसलं, जमिनीवर ठेवलं, अन् माझ्यासमोर मांडी घालून बसली.

बारा वर्षं गार पाण्याच्या ओलाव्यावर काढलेली मी. गरम भाकर पोटात पडली तेव्हा चटकाच बसला. वर तिळाची चटणी, करडईची भाजी, लिंबाची फोड. दीपमाला पहिला घास चावत राहिली. "भाजीत लसूण जास्त झालाय," ती म्हणाली. रोज तीच भाजी करते, पण चव तिला त्या दिवशी लागली.

सरूबाई खाली बसताना इतकी कण्हली की गोकुळला तिला धरावं लागलं.

त्यानंतर काही मोठं औषध झालं नाही. गोळ्या चालू होत्या. सकाळी निघायच्या आधी अर्धी भाकर अन् जवसाची चटणी, नाहीतर मुगाचं धिरडं. पिशवीत गूळ-शेंगदाणे. जेवताना फोन पिठाच्या डब्यावर, तोंड खाली करून. गोकुळनं सकाळचं पीठ मळायचं काम घेतलं, पहिले चार दिवस त्याचं पीठ भिंतीला लावता येईल असं व्हायचं. सुलेखा एकदा डोकावून म्हणाली, "वहिनी, चेहऱ्यावर तेज आलंय. कोणता रस?"

"बसायचा," सरूबाई म्हणाली.

महिन्यानं कापूस वेचायला सरूबाई गावाला परतली. खरी परीक्षा तेव्हा आली.

एका दुपारी नळ आला. दीपमालेनं नुकतंच वाढून घेतलं होतं, एक घास खाल्ला होता. बाहेर आरडाओरड, पाण्याच्या मोटारींचा आवाज. ती उठली. ड्रमला पाइप लावला, बादली घेतली, अन् सवयीनं मला भाकरीसकट उचलून हंड्याकडं वळली. भाकर ओट्यावर सारायची अन् मला झाकण करायचं, एवढंच राहिलं होतं. माझा जीव गेला म्हणा ना.

तशीच थांबली ती, हातात मी. मग परत आली, बसली अन् जेवायला लागली. भिंतीपलीकडून सुलेखा ओरडत होती, "वहिनी, प्रेशर चांगलंय, मोठी टीप भरून घ्या." दीपमाला इथूनच म्हणाली, "जेवतेय." तिचं जेवण झालं तेव्हा नळ गेला होता. ड्रम भरला होता, टीप कोरडी राहिली. पुढचे नऊ दिवस घरात पाणी जपून वापरलं, गोकुळनं दोनदा भावाकडं जाऊन आंघोळ केली. एवढंच झालं. बाकी काही बिघडलं नाही.

बायांनो, मी भांडं आहे, मला अक्कल ती किती. पण इतकी वर्षं हंड्यावर बसून एक बघितलं. घरातल्या प्रत्येकाचं पोट बाईला कळतं, स्वतःचं तेवढं कळत नाही. तुमच्याही घरात एखादं ताट कशावर तरी झाकण होऊन बसलं असेल. त्याला एकदा उचला. आतली सफाई रसानं होवो न होवो, वेळेवर बसून खाल्लेल्या चार घासांनी डोकं शांत होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता माझी जागा रॅकमध्ये, उजव्या हाताला, पहिली. माझ्या काठाला पोचा पडलाय, दीपमालेसंगं मी फरशीवर पडले त्या दिवसाचा. मला तो आवडतो.

परवा रक्ताचा तिसरा रिपोर्ट आला. अकरा पूर्णांक चार. अंगणवाडीत दीपमालेनं मदतनीस बाईला बाजूला केलं अन् एका आठ महिन्यांच्या गुटगुटीत पोरीला स्वतः उचलून काट्यावर ठेवलं. घरी येऊन तिनं फक्त वजन सांगितलं, "सात किलो नऊशे." गोकुळला वाटलं ती भाजीचं सांगतेय.

काल रविवार. दुपारी तिघं जमिनीवर गोल बसली होती. मेथीची भाजी होती, वरण होतं. दीपमालेची भाकर संपली. भाकरीची दुरडी ओट्यावर राहिलेली. माझ्या ओळखीत पहिल्यांदा ती उठली नाही. रिकाम्या माझ्याकडं बघून म्हणाली, "अजून अर्धी आणा बरं."

गोकुळ उठला. सगळी दुरडीच घेऊन आला, अख्खी भाकर वाढली, वर वरण ओतलं, अन् विचारलं, "तूप?"

"आणा," ती म्हणाली, अन् कुस्करायला लागली. तो तूप घेऊन येईपर्यंत तिच्यानं दम धरवला नाही. भूक लागली होती तिला.