पाण्यापर्यंत बेचाळीस पावलं

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी परात आहे, पण माझ्यात कणीक कधी मळली गेली नाही. माझं काम वेगळं आहे. ओढ्याच्या वाळूत लपलेलं सोनं मी धुऊन वेगळं करते.

माझा जन्म १९३३ सालचा, न्यूझीलंडच्या दक्षिणेला डनेडिनमधल्या एका लहान कारखान्यातला. ते मंदीचे दिवस होते. हाताला काम नसलेली माणसं फावडं आणि परात घेऊन डोंगरातल्या ओढ्यांकडे निघाली होती. त्यांच्यासाठी गोल पत्रा दाबून मला घडवलं गेलं. तळ सपाट, कडा तिरप्या. माझ्यात वाळू आणि पाणी घेऊन मला गोल हलवलं की हलकी वाळू पाण्याबरोबर कडेवरून निघून जाते. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड आणि वाळू जेमतेम अडीचपट, म्हणून सोनं तळाशी बसून राहतं. यात जादू काही नाही.

पुढे मंदी सरली. माणसांना कामं मिळाली आणि माझं काम गेलं. जवळजवळ पन्नास वर्षं मी एका शेतावर कोंबड्यांना दाणे घालायच्या कामी होते. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

१९९२ साली उत्तर बेटावरच्या लोअर हटमधल्या एका शाळेच्या जत्रेत, जुन्या वस्तूंच्या टेबलावर मला गुरुनाथरावांनी पाहिलं. ते मूळचे सांगलीचे. इथल्या एका हॉस्पिटलात त्यांनी बरीच वर्षं औषधं तयार केली होती आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला उचललं, बोटाने टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

"दमयंती, ही बघ."

"परात? घरात दोन आहेत," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"ही सोन्याची आहे."

"सोन्याची असती तर तिला कोंबड्यांची घाण लागली नसती."

तरीही मी त्यांच्या घरी गेले. गुरुनाथरावांनी मला साबणाच्या गरम पाण्याने धुतलं, वाळूने घासलं आणि उन्हात वाळवलं.

मग जागांचा शोध सुरू झाला. मित्रांनो, सोनं धुवायला कुठल्याही ओढ्यावर बसता येत नाही. पुष्कळ ओढ्यांवर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. पण काही पट्टे सरकारने हौशी माणसांसाठी मोकळे ठेवले आहेत. तिथे फक्त परात आणि फावडं चालतं. त्यातले बहुतेक दक्षिण बेटावर आहेत, म्हणून आम्ही बोटीने समुद्र ओलांडून जायचो. गुरुनाथरावांची एक वही होती. तिच्यात प्रत्येक जागेची नोंद असे. गाडीपासून पाणी किती पावलांवर, काठ किती उंच, बसायला दगड आहे का. सोनं मिळालं की नाही, हा रकाना सर्वांत शेवटी. पहिल्या चार वर्षांत एकोणीस जागांची नोंद झाली. इंजेक्शनच्या एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून ते सोन्याचे कण ठेवत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला उजेडात धरून दाखवत. "सगळी हिची करामत," असं माझ्याकडे बोट करून म्हणत. इतकं कौतुक मला कोंबड्यांनी कधी केलं नव्हतं.

१९९६ साली त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. उकिडवं बसणं संपलं, हातात काठी आली. एकोणीस जागांपैकी पाचच उरल्या, जिथे सपाट वाटेने जाऊन, मासे पकडणाऱ्यांच्या घडीच्या स्टुलावर बसून पाण्याला हात लागेल.

तेव्हापासून माझी देखभाल दमयंतीबाईंकडे आली. त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलं होतं. कुठलीही वस्तू जागच्या जागी आणि नीट असावी, हा त्यांचा स्वभाव. लोखंड कोरडं पडलेलं त्यांना बघवत नसे. त्यांच्या घरात तवा, कढई, विळी, सगळ्यांना धुतल्यावर तेलाचा हात लागायचा. मलाही लागू लागला. प्रत्येक फेरीनंतर त्या मला पुसायच्या आणि फडक्याने शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ थर द्यायच्या. खरं सांगते, मला ते आवडायचं. साठ वर्षांत माझ्यावरून असा हात कुणी फिरवला नव्हता. मी चकाकू लागले.

आणि सोनं मिळेनासं झालं.

त्या ओढ्यांमधलं सोनं म्हणजे गोळे नव्हेत, कोंड्याएवढ्या पातळ पापुद्र्या असतात. त्यांना जरा तेल लागलं की पाणी त्यांना भिजवत नाही. मग जड असूनही त्या पाण्यावर तरंगतात आणि वाळूबरोबर वाहून जातात. हे मला ठाऊक होतं. पण परातीला बोलता येत नाही.

गुरुनाथराव वहीतल्या एकेका जागेवर फुली मारत गेले. चार फुल्या झाल्या. त्यांनी निष्कर्ष काढला, की जिथे गाडी जाते तिथलं सोनं लोकांनी कधीच नेलं, उरलं असेल तर जिथे आपले गुडघे पोचत नाहीत तिथे. म्हणून १९९८ च्या मार्चमध्ये ते एका उंच काठावरून उतरायला गेले आणि घसरले. हाड मोडलं नाही, पण गुडघा पंधरा दिवस सुजलेला होता.

त्यांची मुलगी श्रुती जवळच जॉन्सनव्हिलला डॉक्टर आहे. ती येऊन गुडघा दाबून बघत म्हणाली, "बाबा, इनफ हं आता. गुडघे नवे बसवलेत, स्पेअर मिळत नाहीत."

"एक जागा राहिली आहे."

"तिथेही काठावरून उडी मारायची?"

"सपाट आहे. बेचाळीस पावलं. त्र्याण्णव साली तिथे सोनं मिळालं होतं. आता नाही मिळालं तर ही परात मी त्याच जत्रेला देऊन टाकीन."

"आईसमोर बोला हे."

ते दमयंतीबाईंसमोरही बोलले. माझं पुढचं आयुष्य एका ओढ्यावर येऊन ठेपलं, आणि त्यांचंही.

पुढच्या जानेवारीत आम्ही गेलो. पश्चिम किनाऱ्याचं दाट रान, चावऱ्या माश्या, चहाच्या रंगाचं पाणी. ते काठीने पावलं मोजत चालले. स्टूल दमयंतीबाईंनी घेतलं होतं. पहिल्यांदा वाळू धुतली, काही नाही. दुसऱ्यांदा नाही. सहाव्यांदाही नाही. त्यांनी मला मांडीवर ठेवलं.

"राहू दे. गाडीत चहाचं सामान आहे ना?"

"द्या ती इकडे," दमयंतीबाई म्हणाल्या. "सात वर्षं नुसती काठावर बसून बघतेय."

त्यांनी मला वेडंवाकडं हलवलं. निम्मी वाळू साडीवर गेली. गुरुनाथराव नेहमी माझ्या तळाकडे बघत. दमयंतीबाईंनी मला वॉर्डातल्या भांड्यासारखं उजेडात तिरपं धरलं आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघितलं.

"अहो, हे पिवळं काय तरंगतंय?"

"माशी असेल."

"माशी अशी चमकते होय?"

गुरुनाथरावांनी खिशातलं भिंग काढलं. तेवढ्यात एक पापुद्री कडेवरून निसटून गेली. त्यांनी माझ्या आतून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"दमयंती, हिला शेंगदाण्याचा वास का येतोय?"

"तेल लावते ना मी. गंज चढू नये म्हणून."

"कधीपासून?"

"तुमच्या ऑपरेशनपासून. तुम्ही तर तशीच टाकून द्यायचात."

ते हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी मलमं घोटली. तेल आणि पाणी."

"मग ओळखायचं होतं. दर वेळी हातात घेत होतात. मी लपवून लावत नव्हते."

गुरुनाथराव इतके हसले की स्टूल डगमगलं. दमयंतीबाई मात्र हसल्या नाहीत. फुल्यांचं पान त्यांनी पाहिलं होतं. "त्या चार जागा माझ्यामुळे गेल्या," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून उठल्या आणि गाडीतून चहाचा गॅस घेऊन आल्या. तव्यावरचं जुनं तेल जाळतात तसं त्यांनी मला आचेवर धरलं. धूर निघाला, मी तापून निळसर काळी झाले. निवल्यावर त्यांनीच मला वाळूने घासलं आणि पुन्हा पाण्यात घातलं.

या वेळी तळाशी, काळ्या रेतीच्या कडेला, अकरा कण बसून राहिले. गुरुनाथरावांनी भिंगाखाली ते दोनदा मोजले.

"माझे अकरा," दमयंतीबाई म्हणाल्या. "तुमचे शून्य."

गुरुनाथरावांनी वही उघडली, चारही फुल्या खोडल्या आणि शेजारी लिहिलं, 'परात स्वच्छ नव्हती. पुन्हा जाणे.'

मित्रांनो, त्यानंतर आम्ही त्यातल्या दोन जागांवर जाऊन आलो. आता आधी कोण धुणार यावरून दोघांचं भांडण होतं. मला कुणी तेल लावत नाही. थोडा गंज चढतो, पण त्या खरखरीत अंगावर बारीक सोनं उलट चांगलं थांबतं. माझी सर्वांत जास्त काळजी घेतली गेली तेव्हाच मी सर्वांत निरुपयोगी झाले होते. म्हणून एक विनंती आहे. एखाद्या वस्तूवर माया करा, पण तिचं काम काय आहे ते आधी समजून घ्या. आणि तुमच्या घरातलं कुणी वयस्कर माणूस आवडीची गोष्ट सोडून द्यायला निघालं, तर त्याच्या गुडघ्यांना दोष देऊ नका. त्याच्या हातातलं भांडं एकदा उजेडात धरून बघा.