खाऱ्या पाण्याचा ओटा

“काका, तुमच्या या दगडाईवर आमच्या गावचं पानी सांडू का?”

प्राजक्तानं विचारलं आणि दप्तरातून बाटली काढून सरळ काउंटरवर ठेवली. अकोल्याच्या त्या मोठ्या ग्रॅनाइट-मार्बलच्या दुकानात मागे दगड कापायची मशीन चालूच होती. दुकानाचे मालक अनुपशेठ यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग तिच्या बापाकडे. गजेंद्रनं मान वर करून छताचा पंखा न्याहाळायला घेतला. ही पोरगी कोणाची आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं जसं काही.

खरं तर प्रश्न तिच्या वर्गातल्या पिंकीचा होता. नव्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यासाठी उद्या दगड पाहायला जायचंय, असं प्राजक्तानं शुक्रवारी मधल्या सुट्टीत सांगितलं, तर पिंकी म्हणाली की विज्ञान प्रदर्शनात लय फाडफाड बोलली ना, आता दुकानदारासमोर बोलून दाखव. काय विचारायचं तेही तिनंच ठरवलं. दुसरी मैत्रीण आकांक्षा, तिनं वरून आईची शपथ घालून टाकली, म्हणजे मागे फिरायची वाटच बंद.

मागच्या वर्षीपर्यंत प्राजक्ताचं ‘हजर’ हजेरी घेणाऱ्या मॅडमनाही ऐकू जात नव्हतं. मग डिसेंबरात मूर्तिजापूरला तालुक्याचं प्रदर्शन झालं. तिनं गावच्या बोअरचं पाणी कढईत आटवलं, तळाला उरलेला पांढरा थर चमच्यानं खरवडून परीक्षकांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, सर, आम्ही हे रोज धुण्याला वापरतो. पहिला नंबर आला. तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते आईच्या म्हणण्याप्रमाणे जेवतानाच काय ते बंद होत होतं, आणि तेही अर्धंच.

पूर्णेच्या काठच्या त्यांच्या गावात नळ येतो आठ दिवसांनी, ते पाणी पिण्यापुरतं. बाकी सगळं बोअरवर. आणि बोअरचं पाणी जिथं वाळेल तिथं पांढरं ठेवून जातं, बादलीवर, तोटीवर, स्टीलच्या ताटावर. प्राजक्ताची आई जमुना रोज दिवस कलला की लिंबाची सालं घेऊन भांड्यांसमोर बसते आणि तो पांढरा थर घासून काढते. लग्न होऊन आली तेव्हापासून. तिच्या अंगठ्याला पडलेली चीर कधी भरलेली प्राजक्तानं पाहिली नव्हती.

आता घर उभं राहत होतं आणि बुधाजी मिस्त्रीनं निरोप दिला होता की येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी ओट्याचा दगड सांगा, नाहीतर मी दुसऱ्या कामावर चाललो. वायरमन असलेल्या गजेंद्रचं कधीचंच ठरलेलं होतं, काळा. अमरावतीला त्याच्या मोठ्या भावाच्या फ्लॅटमधल्या काळ्या ओट्यात तोंड दिसायचं, आणि गजेंद्र दर भेटीत तिथं उभा राहून केस नीट करून घ्यायचा. प्राजक्ताचं म्हणणं पांढरा संगमरवर. पांढऱ्यावर पांढरं दिसणारच कसं, हा तिचा सिद्धांत, आणि त्यावर तिचा फार जीव होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुमी आनसान थे खरं.

पण ओट्यापाशी उभं राहायचं होतं आईलाच. काळा आला तर ती भांड्यांसोबत ओटाही घासत बसणार, आणि ओटा काही चार वर्षांनी बदलत नाही कोणी. प्राजक्ताला झोपेतही हेच दिसत होतं.

अनुपशेठ हसले, पण वाईट नाही हसले. त्यांनी बोटावर पाण्याचा थेंब घेऊन चाटला, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं की इथं दुकानात आम्ही फिल्टरचं पाणी मारतो, त्यानं सगळेच दगड नवरदेवासारखे दिसतात. मग त्यांनी तळहाताएवढे सहा तुकडे पिशवीत भरून दिले. जा, घरी आठ दिवस वापरून पाहा, आणि असं विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं, हेही म्हणाले.

परतीच्या एसटीत गजेंद्रनं खिडकीजवळची जागा धरली. बोरगाव मंजू गेल्यावर म्हणाला, “काय विचारलं व तू. थो शेठ आपल्या गावाचं नाव लिहून घेत होता.” मग खिडकीबाहेर पाहत, “जो दगड या पान्याले पुरला, थोच आनू. तू म्हनशीन थो. पन पुरावा पाह्यजे.”

पुरावा. प्राजक्ताला याहून गोड शब्द माहीत नव्हता.

सहा तुकडे बोअरच्या तोटीजवळ ओळीनं मांडले. सकाळ-संध्याकाळ पाणी टाकायचं आणि उन्हात वाळू द्यायचं. एका कोपऱ्यात हळद-तेलाचा ठिपका, दुसऱ्यावर गरम तवा. वहीत सहा रकाने आखले. काळ्यावर दुसऱ्याच दिवशी पांढरी वर्तुळं उमटली, जणू कोणी त्यावर चहाचे कप ठेवून गेलं. पांढरा मात्र झकास दिसत होता. हळदीचा डाग तेवढा हट्टानं बसला होता, पण प्राजक्तानं तो वहीत बारीक अक्षरात लिहिला.

बुधवारी शाळेतून आली तर तुकडे जागेवर नाहीत. सगळे भांड्यांच्या टोपलीत उभे, पांढऱ्या थराचा मागमूस नाही. शेजारच्या माणिकबाई दुपारी यायच्या होत्या, आणि पाहुणीला दारात पांढरे फटफटीत दगड दिसू नयेत म्हणून आईनं लिंबाचं साल घेतलं आणि भांड्यांबरोबर तेही घासून ठेवले.

चार दिवसांची मेहनत गेली. प्राजक्तानं दप्तर तिथंच टाकलं.

“आई, तू काहून घासले?”

“पांढरे झालते ना व. तसेच ठेवू का?”

ओरडायला तोंड उघडतच होतं, तेवढ्यात तिनं पांढरा तुकडा उचलला आणि तोंड तसंच राहिलं. जिथं जिथं लिंबू लागलं होतं तिथली चमक गेली होती. बोट फिरवलं तर खरखरीत. तिचा लाडका पांढरा, एकाच दुपारीत म्हातारा झाला होता. काळ्याची चमक टिकली होती, पण आईनं सांगितलं की यानंच मेल्यानं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, घासून हात दुखला.

“आन हा?” प्राजक्तानं तपकिरी, बारीक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा पुढे केला. दुकानात या ग्रॅनाइटकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलंही नव्हतं.

“त्याले मी सालच नाई लावलं. त्याच्यावर काई दिसेच ना. खसखस सांडल्यासारखा आहे थो, पानी वाळलं तरी त्यातच मिसळून जाते.”

प्राजक्ता मटकन तोटीजवळ बसली. प्रदर्शनात तिनं पाणी मोजलं होतं, आटवलं होतं, त्याचा थर बाटलीत भरून लेबल लावलं होतं. पण तो थर रोज काढणारा हात मोजायचाच राहून गेला होता. ओट्यावर पाणी पडणार होतं आणि आई त्यावर लिंबू घासणार होती, घासल्याशिवाय तिला चैनच पडणार नव्हतं. मग आईशिवाय केलेला प्रयोग कसला प्रयोग?

तिनं वहीचं पान उलटलं, नवे रकाने आखले आणि लिंबाचं साल आईच्या हातात दिलं. उरलेले दिवस पाणी टाकायची प्राजक्ता, घासायची जमुना. पहिल्या दिवशी ती लाजली. दुसऱ्या दिवशी तुकडा उजेडाकडे तिरपा धरून पाहू लागली. शनिवारी तर तिनं खसखशीच्या दगडावर मुद्दाम लोणच्याचा खार सांडला, तासभर तसाच ठेवला, मग पुसला, आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, “काईच नाई झालं. लिह्य तुह्या वहीत.” प्राजक्तानं ते मोठ्या अक्षरात लिहिलं.

रविवारी सगळे नव्या घरात जमले. स्वयंपाकघरात अजून फरशी नव्हती, पण ओट्याच्या विटांचे खांब अर्धे उभे होते. बुधाजी मिस्त्री टेप घेऊन तयार होता आणि दगड काळा, उंची अमरावतीच्या ओट्याएवढी, असं समजूनच बोलत होता. गजेंद्रनं सगळे तुकडे हातात घेऊन पाहिले. काळ्यात पाहत त्यानं सवयीनं केसांवरून हात फिरवला, पण कालच्या पाण्याची वर्तुळं मध्ये आली आणि तोंड काही दिसलं नाही. त्यानं वही वाचली, दोनदा वाचली. अमरावतीवाले काय म्हणतील, असं पुटपुटला, पण मनापासून नाही.

प्राजक्ता विटांच्या ढिगावर चढली. आई भिंतीला टेकून उभी होती आणि पहिल्यांदाच, काय ते तुमचं ठरवा, असं म्हणत नव्हती.

“बाबा, तुमचा काळा हारला. माहा पांढरा त्याच्याहून बेकार हारला, थेबी वहीत लिहिलं हाये. आई, तू पास केला थोच ओटा होईन, खसखशीचा. आन बुधाजीकाका, टेप आईच्या कंबरेले लावा, अमरावतीच्या मापानं नाई.”