थोरलीच्या गोळ्या

दोघी बहिणींचं केस कापायचं दुकान होतं. थोरलीचा हात इतका सफाईदार, की धाकटीची खुर्ची रिकामी असली तरी गिऱ्हाइकं थोरलीसाठी ताटकळत बसायची.

त्या हिवाळ्यात गार पाणी लागलं की थोरलीची बोटं पांढरीफटक पडू लागली. मग हातांची कातडी ताणून चकचकीत झाली, चेहरा आवळला, हसणं अवघड झालं. लोकांना वाटलं, बाईला शिष्टपणा आला. एक दिवस कात्री घसरून गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली. तेव्हा तिने कात्री ठेवली ती ठेवलीच.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. फार थोड्यांना होणारा. शरीराची राखण करणारी ताकदच अंगावर उलटते, कातडी आणि आतले धागे कडक करत नेते. मुळापासून जात नाही, पण फुप्फुसांपर्यंत पोचायच्या आत गोळ्यांनी आवरता येतो, असं त्या म्हणाल्या.

गोळ्यांनी पोट बिघडलं, अन्न नकोसं झालं, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. बोटं मात्र तशीच ताठ. थोरली वैतागली आणि कुणाला न सांगता तिने गोळ्या सोडल्या. धाकटीने विचारलं की म्हणायची, "घेतल्या गं."

पुढे दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायला लागली. तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं. थोरलीने खाली बघत कबूल केलं. फुप्फुसं जेवढी गेली तेवढी परत येणार नव्हती. उरलेली सांभाळायला आता सलाइनमधून औषध द्यावं लागणार होतं, गोळ्या होत्याच.

 घरी येऊन दार लावल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मला एका शब्दाने सांगायचंस ना. डॉक्टरांशी भांडले असते, दुसरं औषध मागितलं असतं."

"तू दुकान बघत होतीस, घर बघत होतीस. अजून किती भार टाकायचा तुझ्यावर?"

"म्हणून मरायला निघालीस?"



आता धाकटी स्वतः गोळी हातावर ठेवते आणि समोर उभी राहते. थोरली घोटभर पाण्याबरोबर ती गिळते. खरंच गिळली का, हे बघायला तिचं आवळलेलं तोंड पुरेसं उघडत नाही. धाकटी क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघते, पेला उचलते आणि दुकान उघडायला जाते.